चुकून गळलेली नावं

सरपोतदारबाई हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा माझं सगळं लक्ष जाईच्या डाव्या गालाकडे होतं. गाल फुगला होता आणि आत काहीतरी गोल फिरत होतं.

जाई तेव्हा दीड वर्षाची होती. सोसायटीच्या हळदीकुंकवातच तिचं बोरन्हाण उरकलं होतं. बोरन्हाणात बोरं नकोत, नुसते चुरमुरे चालतील, असं मी गायधनीकाकूंना तीनदा सांगितलं होतं. गायधनीकाकू महिला मंडळाच्या अध्यक्ष. ‘‘बोरन्हाणात बोरं नकोत म्हणे,’’ त्या म्हणाल्या होत्या, ‘‘उद्या म्हणशील लग्नात नवरा नको.’’ त्यामुळे बोरं आली, पोरांनी लुटली, आणि काळं झबलं नि हलव्याचा मुकुट घातलेली माझी लेक आता सतरंजीवर बसून एक अख्खं बोर, बीसकट, या गालातून त्या गालात नेत होती.

मी हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन दारात. आत येईल तिला लावायचं, ही माझी ड्यूटी. मध्ये वीस-बावीस पावलांचं अंतर आणि समोर सरपोतदारबाई.

सगळ्याजणी दाराकडे बघायला लागल्या. सरपोतदारबाई तीनशेचार नंबरला राहायच्या. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या, पण तपासणी काही थांबली नव्हती. पार्किंगमध्ये पोरांनी वाकडी लावलेली सायकल दिसली की चाकातली हवा सोडायच्या. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या कधीच दिसल्या नव्हत्या. का दिसल्या नव्हत्या, हे कुणी बोलत नसे. बोलायची गरजच नसे.

‘‘तुम्ही?’’ वाणाच्या टेबलामागून गायधनीकाकू म्हणाल्या. हातातली स्टीलची चाळणी हातातच राहिली.

‘‘निमंत्रण आलं म्हणून आले.’’ सरपोतदारबाईंनी पर्समधून मोबाइल काढला, चष्मा वर केला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचलं, ‘‘‘श्रीमती सुमन सरपोतदार, हळदीकुंकवासाठी आपण अगत्याने यावे.’ श्रीमती असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे माहीत असून बोलावलंय. की मला वाचता येत नाही?’’

त्या माझ्यापुढे आल्या आणि कपाळ पुढे केलं.

‘‘अगं लाव की. किती वेळ वाकून उभी राहू? कंबर आहे का कमान?’’

तेवढ्यात जाईने आवंढा गिळल्यासारखं केलं. मी बोट बुडवलं, हळद टेकवली, कुंकू टेकवलं, करंडा सरपोतदारबाईंच्याच हातात कोंबला आणि धावले. जाईच्या तोंडात बोट घालून बोर बाहेर काढलं, बी आहे का ते पाहिलं. होती. मग उठून उभी राहिले, तर मागे टाळ्या वाजत होत्या.

मला वाटलं, बोर काढलं म्हणून.

‘‘केतकी, मानलं तुला!’’ बी विंगमधली आसावरी मोबाइल उंच धरून माझ्याकडे येत होती. ‘‘नुसतं कुंकू लावून थांबली नाहीस, करंडाच हातात दिलास! मला वाटलं नव्हतं हं तुझ्यात एवढं धाडस असेल.’’

‘‘मलाही नव्हतं वाटलं,’’ मी म्हणाले. अगदी खरं तेच म्हणाले. सगळ्या हसल्या, वर मी विनयशील ठरले.

सरपोतदारबाई करंडा घेऊन दारात उभ्या होत्या आणि येणाऱ्या दोन बायकांना त्यांनी कुंकू लावूनही टाकलं होतं. त्या बायकांना नाही म्हणायचं सुचलंच नाही. तपासनीसबाईंना नाही कोण म्हणणार? संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला. ‘आमच्या सोसायटीचं एक पाऊल पुढे.’ खाली माझं नाव, जाईचा फोटो, हात जोडलेल्या खुणा.

निघताना गायधनीकाकूंनी मला खांबाआड घेतलं. ‘‘मला आधी सांगायचंस तरी. मी काय नाही म्हणाले असते?’’

आता ‘नाही’ त्या आधीच म्हणाल्या होत्या, आणि मला उद्देशूनच म्हणाल्या होत्या, ते सांगायला हवं.

दहा-बारा दिवसांपूर्वी त्यांनी माझ्याकडे सोसायटीतल्या बायकांची यादी पाठवली होती. शहाण्णव फ्लॅट, शहाण्णव नावं, प्रत्येकीच्या आधी सौ. किंवा श्रीमती. ‘‘तू कॉम्प्युटरवाली,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सगळ्यांना नावानिशी मेसेज जातील असं कर. आणि श्रीमती तेवढ्या काढून टाक. उगाच त्यांनाही अवघड, आपल्यालाही अवघड. त्यांच्याच मनाचा विचार करून म्हणते हो.’’

मला हे पटलं नव्हतं, हे नोंदवून ठेवते. कॉलेजात असताना याच विषयावर वादविवाद स्पर्धेत मी दुसरा नंबर मिळवला होता. त्यामुळे काकूंना मी ठामपणे ‘बरं’ म्हणाले.

यादी उघडली. एकेक नाव बघून खोडायचं तर फार वेळ लागला नसता. पण तीनशेतीन नंबरला ‘श्रीमती मंदाकिनी कुलथे’ आलं असतं, आणि ते मला माझ्या बोटाने खोडावं लागलं असतं.

मंदामावशी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या. एक तारखेपासून मी दोन वर्षांनी पुन्हा नोकरीला लागणार होते, आणि ते सगळं मावशींच्या भरवशावर. जाईला दोन पाळणाघरांत ठेवून पाहिलं होतं. पहिल्यात ती रडून रडून ओकली. दुसऱ्यातून दोन तासांत फोन आला, ‘‘मॅडम, तुम्ही हिला घेऊन जा, बाकीची पण रडायला लागलीत.’’ मावशींकडे मात्र पहिल्याच दिवशी ती त्यांच्या मांडीवर बसून वरणभात जेवली आणि मला टाटा करायला विसरली. सवय व्हावी म्हणून महिनाभर मी तिला रोज सकाळी तीनेक तास तिथे सोडत होते. जाईचं ते काळं झबलंही मावशींनीच शिवलेलं. हॉलमध्ये चारजणींनी विचारलं, ‘‘कुठून घेतलंस गं?’’ मी म्हणाले, ‘‘घरचंच आहे.’’

तर मी बोटाने नाव खोडलं नाही. चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. हात गंजले होते, तेवढाच सराव. यादीतून एकेक नाव घे, पुढे ‘श्रीमती’ असेल तर काढून टाक, उरलेल्यांना मेसेज पाठव. मी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. मावशींचं नाही, कुणाचंच नाही. एक शब्द तेवढा सांगितला होता. एका क्षणात काम झालं. मी तीनशेतीन नंबर यादीतून गेलाय का तेवढं पाहिलं. गेला होता. लॅपटॉप मिटला आणि जाईचा ताप बघायला गेले. तिला ताप नव्हता. पण मी बघते.

मग तीनशेचार कशी काय राहिली?

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी, माझा नवरा निनाद जाईला खेळवत असताना, मी पुन्हा ते उघडून बसले. चूक पाच मिनिटांत सापडली. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ती. मी यादीवरून चालता चालताच यादीतली नावं काढत होते. डॉक्टरांकडे बाकावर ओळीने आया बसलेल्या असतात ना, तसं. तिसरीला उठवलं की चौथी सरकून तिच्या जागी बसते. आणि नावं पुकारणारी तोवर चौथ्या जागेकडे वळलेली असते. सरकलेली बाई तिला दिसतच नाही. तीनशेतीन आणि तीनशेचार लागोपाठ श्रीमती. तीनशेतीन निघाली, तीनशेचार सरकून तिच्या जागी आली आणि वाचली. बाकी श्रीमती एकेकट्या होत्या, त्या सगळ्या नीट निघाल्या. अकरांपैकी दहा.

‘‘अरे, सापडलं!’’ मी निनादला म्हणाले. फार दिवसांनी असं काही सापडल्यामुळे मला खरंच आनंद झाला होता.

‘‘छान. मग मंदामावशींना समजावून सांग,’’ तो म्हणाला.

‘‘काय सांगू?’’

‘‘हेच. की चूक झाली होती, सरपोतदारबाईंचं नाव राहून गेलं. नाहीतर तू दोघींनाही...’’ तो तिथे थांबला. मग जाईला खांद्यावर घेऊन गॅलरीत गेला.

सोमवारी सकाळी मावशींचा फोन आला नाही. एरवी नऊला यायचा, ‘‘आण गं पिल्लाला, उपमा गार होतोय.’’ मी साडेनऊपर्यंत वाट पाहिली, मग स्वतःच जाईला घेऊन वर गेले. दार उघडलं. जाईने हात पसरले, मावशींनी तिला घेतलं. मला ‘ये’ म्हणाल्या नाहीत.

‘‘बघितला हं फोटो,’’ जाईच्या कपाळावरचे केस मागे सारत त्या म्हणाल्या. ‘‘सरपोतदारबाई छान दिसत होत्या. जांभळी साडी शोभते त्यांना.’’

‘‘मावशी...’’

‘‘माझं काही म्हणणं नाही. आठ वर्षं झाली, मला सवय आहे. दरवर्षी माइकवर उखाणे ऐकू येतात, मी टीव्हीचा आवाज वाढवते. पण यंदा एक विचारावंसं वाटलं. त्यांचे यजमान गेले, माझेही गेले. भिंतीला भिंत लागून राहतो. मग त्यांच्यात असं काय बघितलंस?’’

‘‘मावशी, चूक झाली.’’

‘‘कुठली?’’ त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘‘त्यांना बोलावलंस ती, की मला नाही बोलावलंस ती?’’

इतका नेमका प्रश्न मला आजवर एकाही मुलाखतीत कुणी विचारलेला नाही. त्याचं खरं उत्तर मला आदल्या संध्याकाळीच सापडलं होतं. दोन वाक्यांचं होतं. ते सांगितलं असतं तर मी निःपक्षपाती ठरले असते. मी तुमच्यात आणि त्यांच्यात काहीच भेद केला नव्हता मावशी, मी दोघींनाही काढलं होतं.

जाईने मावशींच्या गळ्यात हात टाकले होते. एक तारखेला अकरा दिवस राहिले होते.

‘‘तुम्हाला नाही बोलावलं ती,’’ मी म्हणाले. ‘‘यादी मी हाताने केलीच नव्हती हो. प्रोग्रॅम होता, त्यात घोळ झाला. तुमचं नाव चुकून गळलं.’’

बिचाऱ्या प्रोग्रॅमने मावशींच्या बाबतीत माझं अक्षरन्‌अक्षर ऐकलं होतं. सबंध यादीत तो चुकला एकाच ठिकाणी, आणि त्या ठिकाणी टाळ्या मी घेतल्या होत्या.

‘‘अस्सं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मशीननं गाळलं होय.’’

‘‘हो ना.’’

‘‘मग माझं एकटीचंच गाळलं?’’

इथे मी सावध व्हायला हवं होतं. पण ज्याने एक खोटं पचवलंय त्याला दुसरं हलकं वाटतं. ‘‘नाही नाही, आणखी बऱ्याच जणींचं गळलं.’’

‘‘कुणाकुणाचं?’’

मी सांगितलं. एकशेसात, दोनशेअकरा, पाचशेदोन... यादी न बघता मला दहाच्या दहा पाठ होत्या, हे मला तेव्हाच कळलं. मावशी बोटांवर मोजत होत्या. जाईला गंमत वाटून तीही त्यांची बोटं धरायला लागली.

‘‘दहा,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मग एवढं तोंड कशाला पाडलंस? रथसप्तमीला नऊ दिवस आहेत अजून. तोवर हळदीकुंकू चालतं. तुझ्या घरी बोलाव दहाही जणींना. मशीनची चूक माणसानं निस्तरायची, दुसरं काय. आता जा, मी हिला भरवते.’’ आणि दार लोटलं.

झालं. मी तिथल्या तिथे जिन्यात बसले.

गायधनीकाकूंना सांगितलं तेव्हा त्या आधी उडाल्या. ‘‘दहा? एकदम दहा? अगं एक ठीक होती, एकीचा फोटो छान येतो!’’ मग विचार करून म्हणाल्या, ‘‘नगरसेवकांच्या मिसेसनीही त्या फोटोखाली अंगठा दिलाय. तू कर घरी. पण मंडळातर्फे कर. चाळण्या उरल्यात, त्या देते.’’

यावेळी मेसेज पाठवून भागणार नव्हतं. दारोदार जाऊन बोलवावं लागलं. जाईला कडेवर घेऊन, एका हातात तिची पाण्याची बाटली, तोंडात तेच वाक्य, ‘‘मशीनच्या चुकीमुळे तुमचं नाव गळलं होतं.’’ एकशेसातच्या निकमआजी म्हणाल्या, ‘‘बाई, आमचं बारा वर्षं गळतंय. तेव्हापासून आहे का तुमचं मशीन?’’ मी पाणी मागितलं, प्यायले आणि निघाले. दोनशेअकराच्या रंजना बोडके माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या. त्यांनी दार अर्धंच उघडलं. ‘‘कुंकू लावायचा आग्रह करणार असाल तर येत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि लावायचं टाळणार असाल तरी येत नाही.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मला विचारा. बाकीच्यांना विचारता का, माहीत नाही. मला विचारा.’’

रथसप्तमीला दहांपैकी आठजणी आल्या. सरपोतदारबाई बोलावलं नसतानाही आल्या, कारण त्यांच्या मते हा उपक्रम त्यांनीच सुरू केला होता. मी प्रत्येकीला विचारलं, ‘‘लावू?’’ पाचजणींनी कपाळ पुढे केलं. दोघींनी फक्त हळद लावून घेतली. रंजनाताई म्हणाल्या, ‘‘नको, अत्तर लावा,’’ आणि मग दोन्ही मनगटं पुढे केली. निकमआजींनी कुंकू लावल्यावर आरसा मागितला. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘म्हातारी झाले की गं मी,’’ आणि सगळ्या एवढ्या हसल्या की जाई दचकून रडायला लागली. तिला मावशींनी उचललं. मी उठायच्या आत उचललं.

सगळ्या गेल्यावर मावशी मागे राहिल्या. मी कप विसळत होते, त्या जाईला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

‘‘केतकी, एक विचारू? तुझं ते मशीन फार हुशार आहे का गं?’’

‘‘का हो?’’

‘‘नाही, मी आपला विचार करत होते. माझ्या हातून शेंगदाणे निवडताना चूक झाली तर खवट राहतो, चांगला फेकला जातो. चुकीला काही डोळे नसतात. शहाण्णव बायकांमध्ये दहा चुकून गळायच्या, तर त्यात एखादी तरी सौ. गळायला हवी होती.’’ त्या जाईच्या पाठीवर थोपटत होत्या, त्याच लयीत बोलत होत्या. ‘‘बरोबर आम्हीच गळालो.’’

नळ चालू होता. मी बंद केला.

‘‘तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?’’

‘‘तू नंबर घडाघडा म्हणालीस तेव्हा.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘बोलले असते तर तू खरं सांगितलं असतंस. तशी तू वाईट नाहीस, भित्री आहेस. खरं सांगितलं असतंस, आणि मग मला हिला सांभाळता आलं नसतं. कितीही वाटलं तरी नसतं आलं.’’ त्यांनी जाईचा घामेजलेला कान पुसला. ‘‘मला ती हवी होती. म्हटलं, खोटं तर खोटं, त्यालाच जरा कामाला लावू.’’

मी माफी मागायला तोंड उघडलं. मावशींनी हात वर केला, जाई झोपत आली होती.

‘‘परवा एक तारीख ना? साडेआठला आण. दूध देऊन आणू नकोस, मी देते. आणि तो थर्मामीटर पाठवू नकोस बाई, माझ्याकडे हात आहे.’’ त्यांनी जाईला माझ्याकडे दिलं, चपला घातल्या. मग दारातून वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘सरपोतदारबाईंना मात्र कधी कळू देऊ नकोस हो, चूक त्यांच्या बाबतीत झाली म्हणून. सकाळी जिन्यात भेटल्या होत्या. म्हणाल्या, कुलथे, वाईट वाटून घेऊ नका, तुमचं चुकून राहिलं. मला मात्र पोरीने आठवणीनं बोलावलं.’’